सहकारनगरचा जुना बंगला की धायरीचे नवे रो-हाउस : घराभोवतीच्या सोयींबद्दल सल्ला हवा आहे

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या घरात गेले आठ महिने एकाच प्रश्नावर बोलणे चालू आहे आणि दर रविवारी ते जिथून सुरू होते तिथेच येऊन थांबते. पुण्याच्या उपनगरांत वर्षानुवर्षे राहिलेल्या लोकांचे अनुभव वाचले तर निर्णयाला काही आधार मिळेल, असे वाटल्यामुळे हा धागा काढत आहे. लेखन थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले, आणि मुठेच्या त्या पुरात नारायण पेठेतला आमच्या सासरचा वाडा पडला. माझे सासरे, ज्यांना आम्ही नाना म्हणतो, तेव्हा सतरा वर्षांचे होते. पुढे पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्थांना पर्वतीच्या पलीकडे जागा मिळाल्या आणि त्यांतून सहकारनगर उभे राहिले. आमच्या आजेसासऱ्यांच्या वाट्याला साधारण अडीच हजार चौरस फुटांचा भूखंड आला. त्यावर १९६८ साली तळमजला बांधून झाला आणि वरच्या दोन खोल्या १९८९ मध्ये चढवल्या. पुढे ओटा, मग बैठकीची खोली, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परस, असे हे सरळ घर आहे. परसात एक आंबा, दोन नारळ आणि सासूबाईंनी लावलेला अनंत आहे.

घर आता थकले आहे. गच्ची गळते, वरच्या खोलीतील छताचे पोपडे पडतात आणि दोन ठिकाणी गंजलेले गज उघडे पडले आहेत. जिन्याच्या पायऱ्या उंच आहेत. आईंचे (सासूबाईंचे) दोन्ही गुडघे गेल्यामुळे त्या आणि नाना खाली बैठकीच्या खोलीत झोपतात. मात्र संडास-मोरी मागे परसाच्या बाजूला, एक पायरी उतरून आहे. रात्री ती पायरी उतरताना नाना दोनदा पडले आहेत.

दुसरीकडे, यजमानांनी धायरीत एक रो-हाउस पाहिले आहे. तीन मजले, दोन गाड्यांची जागा, समोर लहान बाग आणि मागच्या खिडकीतून डोंगर दिसतो. वास्तू देखणी आहे, हे मी मनापासून सांगते. सहकारनगरचे घर भाड्याने द्यायचे आणि कर्ज काढून ते घ्यायचे, असा त्यांचा विचार आहे. शेजारच्या दोन बंगल्यांसह आमचा भूखंड एकत्र करून इमारत बांधू इच्छिणारे एक विकसकही वर्षभर येऊन जात आहेत, म्हणजे तिसरा मार्गही आहे.

घरात सहा माणसे आहेत. नाना ८१ वर्षांचे, आई ७६, यजमान खराडीला नोकरीला, मी सातारा रस्त्याजवळच्या महाविद्यालयात शिकवते, मुलगी सहावीत आणि मुलगा मोठ्या शिशुवर्गात. भिंती, फरशा, किंमत यांचा हिशेब आम्ही केला आहे. घराच्या फाटकाबाहेर काय असावे आणि ते किती जवळ असावे, याचा हिशेब मात्र कसा करायचा ते कळत नाही. त्याबद्दल आपण सांगावे.

धायरीकर

मी २०१२ पासून धायरीत राहतो आणि हे घर घेतल्याचा मला पश्चात्ताप नाही, हे आधी सांगतो. पावसाळ्यात सकाळी खिडकी उघडली की सिंहगडाच्या बाजूचे ढग दिसतात, घरात वारा खेळतो, मुलांना सायकल चालवायला सोसायटीचा आतला रस्ता मिळतो. पेठेत भाड्याच्या दोन खोल्यांत वाढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे सुख मोठे आहे.

परंतु आपण फाटकाबाहेरचे विचारले आहे, म्हणून पाण्यापासून सुरुवात करतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी साठते, आणि त्यांतले सर्वांत जवळचे धरण आमच्यापासून गाडीने अर्ध्या तासाच्या आत आहे. तरीही आमच्या सोसायटीत मार्च उजाडला की टँकरची वाट पाहावी लागते. धायरी २०१७ मध्ये अकरा गावांबरोबर महापालिकेत आली आणि शेजारचे नऱ्हे २०२१ मध्ये तेवीस गावांबरोबर. पण हद्द एका दिवसात बदलता येते. जलवाहिनी, साठवण टाकी आणि मैलापाण्याची वाहिनी यांना वर्षे लागतात. रो-हाउस आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे असले तरी तिथली परिस्थिती वेगळी असू शकते, इतका फरक इथे एकाच गावात आहे.

म्हणून घर पाहायला पुन्हा जाल तेव्हा एप्रिल-मे मध्ये जा आणि विक्रेत्याला न विचारता शेजाऱ्यांना विचारा. नळाला पाणी रोज येते का, किती वाजता येते, टँकरचा खर्च महिन्याच्या देखभाल वर्गणीत धरला आहे की वेगळा घेतात, आणि टँकर कुठून भरून येतो? शेवटचा प्रश्न गौण समजू नका. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या पट्ट्यात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले, तेव्हा दूषित पाण्यातून होणाऱ्या जंतुसंसर्गाकडे सर्वांचे लक्ष गेले. त्या महिन्यात आमच्या घरी पिण्याचे सगळे पाणी उकळून ठेवत होतो आणि ती सवय आम्ही अजून सोडलेली नाही. आपल्या घरी ८१ वर्षांचे वडीलधारे आणि लहान मूल, दोन्ही आहेत.

रस्त्याबद्दल थोडक्यात सांगतो. सिंहगड रस्त्यावरच्या उड्डाणपुलाचा राजाराम पुलाजवळचा भाग ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाला, त्यानंतर थोडा दिलासा आहे. मात्र धायरी फाट्यापासून आतल्या रस्त्यावरची कोंडी त्याने सुटत नाही. खराडी म्हणजे शहराचे दुसरे टोक. मी तीन वर्षे हडपसरला जात होतो आणि दिवसाचे तीन तास रस्त्यावर जात होते.

स्थापत्य

मी बांधकाम अभियंता आहे आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीची कामे करतो. आपण विचारले नसले तरी घराच्या तब्येतीबद्दल आधी लिहितो, कारण ‘घर थकले आहे’ एवढ्या शब्दांवर पुष्कळ लोक चांगली घरे पाडून टाकतात.

१९६८ च्या सुमाराची पुण्यातली बहुतेक बैठी घरे भारवाही, म्हणजे छताचे वजन पेलणाऱ्या, भिंतींची आहेत. खाली काळ्या दगडाचे जोते, वर विटांच्या जाड भिंती आणि त्यावर स्लॅब. अशा भिंती ओल्या राहिल्या नाहीत तर दीर्घकाळ टिकतात. त्रास स्लॅबला होतो. गच्चीतून पाणी झिरपते, गजांना गंज चढतो, गंजलेला गज फुगतो आणि खालचे काँक्रीट ढकलून पाडतो. आपल्याकडे पोपडे पडतात ते यामुळे. गच्ची गळू लागली की जुना कोबा न काढता त्यावर नवा कोबा टाकण्याची एक वाईट पद्धत आहे. मी एका घरात विटांच्या तुकड्यांचे असे तीन थर पाहिले आहेत. गळती तशीच राहिली होती आणि स्लॅबवरचे वजन मात्र वाढले होते. आपल्याकडे १९८९ मध्ये वरचे बांधकाम झाले तेव्हा खालच्या भिंतींचा विचार केला होता का, तेही तपासावे लागेल. संरचनात्मक तपासणी करून घ्या, तिचा अहवाल लेखी घ्या आणि तो हातात येईपर्यंत विकसकाला किंवा विक्रेत्याला कोणताही शब्द देऊ नका.

रो-हाउसबद्दल माझा एक मूलभूत आक्षेप आहे आणि तो आपल्या पत्रातूनच निघतो. तीन मजली रो-हाउस म्हणजे उभे घर. तळमजल्यावर गाडी, बैठक आणि स्वयंपाकघर, झोपण्याच्या खोल्या वर. आईंचे गुडघे आणि जिना हीच आपली आजची अडचण असेल, तर तिथे एकाऐवजी दोन जिने मिळतील. तळमजल्यावर एक झोपण्याची खोली आणि तिला लागून संडास-न्हाणीघर नसेल, तर डोंगराचा देखावा कितीही सुंदर असला तरी ते घर आपल्या घरातल्या सहांपैकी दोन माणसांसाठी नाही.

कागदपत्रांत पुढील गोष्टी पाहाव्यात. धायरी, नऱ्हे, आंबेगाव या बाजूला एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकलेल्या जमिनींवर पुष्कळ बांधकाम झालेले आहे. सातबारा उतारा, त्यावरील फेरफार, बिनशेती आदेश, मंजूर नकाशा आणि भोगवटा पत्र ही पाचही कागदपत्रे मूळ स्वरूपात पाहा आणि वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. गुंठेवारीखाली बांधकाम नियमित झाले असेल तर त्याचा दाखला मागा. ‘होऊन जाईल’ या आश्वासनावर पैसे देऊ नका. झोन दाखलाही काढा, कारण १:५ पेक्षा तीव्र उताराच्या डोंगरजमिनीवर बांधकामाला परवानगी मिळत नाही आणि त्या भागात डोंगर अगदी घरामागे येतो.

पुनर्विकासाबद्दल एकच मुद्दा मांडतो. आपल्या घरासमोरचा रस्ता किती मीटरचा आहे, ते मोजा. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम चटईक्षेत्र (शुल्क भरून मिळणारे जादा बांधकाम) किंवा टीडीआर (दुसरीकडून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) वापरता येत नाही. सहकारनगरच्या आतल्या अनेक गल्ल्या अरुंद आहेत. विकसक जे क्षेत्रफळ देऊ करत आहे, ते कोणत्या रस्तारुंदीच्या आधारे, हे लेखी विचारा. तिन्ही भूखंड मिळून ५०० चौरस मीटरच्या वर जात असतील तर महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) नोंदणी लागेल, आणि ते आपल्या हिताचेच आहे. शिवाय पूरग्रस्त संस्थेची जमीन असल्यामुळे ती भोगवटादार वर्ग दोनची (शासनाने अटींवर दिलेली) किंवा भाडेपट्ट्याची आहे का, हे मालमत्ता पत्रकावरून पाहून घ्या. तसे असेल तर हस्तांतराला शासनाची परवानगी आणि अधिमूल्य हा विषय येतो.

रानजाई (धागाकर्ती)

धायरीकर आणि स्थापत्य, दोघांचेही मनःपूर्वक आभार. उभ्या घराचा मुद्दा मी आज जेवताना सर्वांसमोर वाचून दाखवला. आम्ही ते रो-हाउस तीन वेळा पाहिले आणि तिन्ही वेळा आई खाली सोफ्यावर बसून राहिल्या होत्या, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. त्या स्वतःहून काही बोलल्याही नव्हत्या. याचे मला फार वाईट वाटले.

पाण्याविषयी लिहायचे तर आमच्याकडे पर्वतीच्या जलकेंद्रातून पाणी येते. सकाळी ठरलेल्या वेळी येते, अंगणातला हौद भरतो आणि दुरुस्तीसाठी एखाद्या गुरुवारी बंद असेल तर आदल्या दिवशी कळते. टँकर आमच्या गल्लीत मी लग्न होऊन आल्यापासून पाहिलेला नाही. ही सोय आहे, असे आजवर मला वाटलेच नव्हते.

परंतु आमच्या बाजूलाही पाण्याचा एक धोका आहे आणि तो न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या बाजूला प्रचंड पाऊस झाला आणि आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने धनकवडी, पद्मावती, अरण्येश्वर ते दांडेकर पुलापर्यंत हाहाकार केला. अरण्येश्वरजवळ माणसे गेली. आमचे घर चढावर असल्याने आत पाणी आले नाही, पण त्या रात्री आम्ही ओढ्याकाठच्या दोन ओळखीच्या कुटुंबांना घरी आणले होते. नाना पहाटेपर्यंत ओट्यावर उभे होते. ५८ वर्षांनी पुन्हा तोच आवाज ऐकला, असे ते म्हणाले.

आंबिलकाठ

आम्ही त्या ओढ्याकाठच्या कुटुंबांपैकीच आहोत. आपल्या घरी आलेले नव्हेत, पण त्याच रात्री गच्चीवर चढून बसलेले. सहकारनगर किंवा पद्मावतीत घर घेऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे की दलालाने दाखवलेल्या नकाशाच्या आधी जमिनीचा उतार पाहा. पाऊस पडत असताना घरासमोर उभे राहा आणि रस्त्यावरचे पाणी कुठे जाते ते पाहा. नदीकाठी असेल तर निळी आणि लाल पूररेषा (पुराचे पाणी कुठवर येऊ शकते ते दाखवणाऱ्या रेषा) कुठून जाते, ते महापालिकेच्या विकास आराखड्यावर पाहता येते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीतल्या लोकांचे काय झाले, ते सर्वांनी पाहिले आहे. धागाकर्तीचे घर चढावर आहे, ही त्या घराची फार मोठी श्रीमंती आहे.

पर्वतीपायथा

मी निवृत्त शिक्षक असून माझे वय ७३ आहे. माझा अनुभव नानांच्या वयाच्या बाजूने लिहितो.

सहा वर्षांपूर्वी मुलाने वाघोलीच्या बाजूला प्रशस्त सदनिका घेतली आणि लक्ष्मीनगरची आमची दोन खोल्यांची जागा बंद करून आम्ही दोघे त्याच्याकडे राहायला गेलो. मुलगा-सून प्रेमळ आहेत, त्यांनी काहीही कमी पडू दिले नाही. खोली मोठी होती, लिफ्ट होती, खाली बाग होती. पण फाटकाबाहेर पडले की महामार्ग. तो ओलांडण्यासाठी मला मुलाच्या गाडीची वाट पाहावी लागे. औषध संपले तर फोन करून मागवायचे, केस कापायला रविवारी मुलाबरोबर जायचे, वाचनालय नाही, ओळखीचा भाजीवाला नाही. माणसाला बाहेर पडण्यासाठी काहीतरी लहानसे निमित्त लागते. पिठाची गिरणी, चपलेला टाका, पोस्टात पासबुक भरणे, देवळातली काकड आरती, यांपैकी काहीही चालते. ती निमित्ते चालत जाण्याच्या टप्प्यात नसली की माणूस घरात बसतो, आणि एकदा बसला की पाय आखडतात. दीड वर्षात माझ्या पत्नीचे चालणे निम्म्यावर आले. आम्ही परत लक्ष्मीनगरला आलो. मुलाला वाईट वाटले. आता तो दर शनिवारी इकडे मुक्कामाला येतो.

मी सकाळी साडेपाचला तळजाईला जातो. गिरिपुष्पाच्या झाडांतून जाणारी ती पायवाट, मोरांचे ओरडणे आणि वर तळजाईमातेच्या देवळाजवळ रोज भेटणारी आठ-दहा माणसे. एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी कोणीतरी जाऊन येते. माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू वाढल्याचे मला डॉक्टरांच्या आधी या मंडळींनी सांगितले, कारण मी दगडाला अडखळू लागलो होतो. टेकडी ही हवेसाठी असते, असे लोक समजतात. माझ्या वयात ती माणसांसाठी असते.

म्हणून माझी विनंती आहे की नानांना आठवडाभर एका वहीत लिहायला सांगावे : दिवसात कुठे कुठे गेलो, किती पावले चाललो आणि वाटेत कोणाशी बोललो. मग तीच ठिकाणे धायरीच्या घराभोवती कुठे आहेत ते पाहावे. आईंसाठीही वेगळी वही करावी. स्त्रियांचे जाणे-येणे पुरुषांपेक्षा वेगळे असते आणि घरात त्याची गणना बहुधा होत नाही.

खराडीहून

यजमानांच्या प्रवासाबद्दल लिहितो, कारण मीही धनकवडीहून खराडीला जातो. २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत मेट्रो सुरू झाल्यापासून मी दुचाकी बंद केली आहे. स्वारगेटला बसायचे, जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलायची आणि रामवाडीला उतरून पुढे बस किंवा रिक्षा करायची. माझा घरापासून कचेरीपर्यंतचा वेळ फार कमी झाला असे नाही, पण तो रोज सारखा लागतो आणि पाठदुखी थांबली. सहकारनगरहून स्वारगेट बसने अगदी जवळ आहे. स्वारगेट ते कात्रज भुयारी मार्गालाही ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आहे. मात्र अशा कामांना लागणारा काळ पाहता तिच्या भरवशावर आज घर निवडू नये.

नळस्टॉप

दोन लहान, पण पैशांच्या गोष्टी लिहिते. मालक स्वतः राहत असलेल्या घराला पुणे महापालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत मिळते. ती मध्यंतरी बंद झाली होती आणि २०२३ मध्ये पुन्हा लागू झाली. सहकारनगरचे घर भाड्याने दिले तर त्या घराची सवलत जाईल आणि नव्या घरासाठी सवलतीचा पीटी-३ अर्ज नव्याने भरावा लागेल. भाड्याच्या उत्पन्नाचा हिशेब करताना ही रक्कम धरली आहे का, ते पाहावे.

दुसरी गोष्ट झाडांची. परसातला आंबा आणि नारळ तोडायचे तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार महापालिकेची परवानगी लागते. ‘झाडांचे आम्ही पाहून घेऊ’ असे विकसक म्हणत असतील, तर काय पाहून घेणार ते करारनाम्यात लिहून घ्यावे. माझ्या माहेरच्या कर्वेनगरच्या बंगल्याची इमारत झाली तेव्हा दोन चिंचा आणि एक बकुळ गेली. मोबदल्यात लावलेली रोपे कुठे आहेत, ते आम्हाला आजवर कोणी दाखवलेले नाही.

धायरीकर

पर्वतीपायथा यांचा प्रतिसाद वाचून माझ्या वडिलांची आठवण झाली. ते आमच्याकडे धायरीत चार वर्षे होते. आमच्याकडेही टेकडी आहे, धारेश्वराचे देऊळ आहे, नव्या ओळखीही होतात. फरक एवढाच की त्या व्हायला वेळ लागतो आणि ८१ व्या वर्षी तो वेळ माणसाकडे किती असतो, हे आपण कोणी सांगू शकत नाही. तरुण जोडप्याला मी आजही धायरी सुचवीन. पाण्याची खात्री करून घ्या एवढेच म्हणेन. आपल्या कुटुंबाला मात्र मी ती आज सुचवणार नाही.

स्वच्छसोबत

कचऱ्याचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहिते. जुन्या भागांत ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक भगिनी २००८ पासून दारोदारी ओला-सुका कचरा वेगळा घेतात. नव्याने समाविष्ट झालेल्या गावांत काही ठिकाणी ही व्यवस्था चांगली बसली आहे, काही ठिकाणी रस्त्याच्या कोपऱ्यावर ढीग साचतो आणि रात्री पेटवला जातो. घर पाहायला दुपारी जातात, म्हणून हा धूर कोणाला दिसत नाही. रात्री नऊनंतर एकदा त्या गल्लीतून चालून यावे. लहान मुलगा आहे, त्याच्या श्वासाचा प्रश्न आहे.

रानजाई (धागाकर्ती)

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. दोन्ही वह्या भरल्या आणि तपासणीचा अहवालही आला.

नानांच्या वहीत सात दिवसांत एकवीस वेळा बाहेर पडल्याची नोंद आहे. तळजाईच्या पायथ्यापर्यंत पाच वेळा, गजानन महाराजांच्या मठात गुरुवारी, दूध आणायला रोज, रक्तदाब मोजायला दवाखान्यात एकदा, आणि बाकीच्या वेळी नुसते चौकापर्यंत. सर्वांत दूरचे ठिकाण त्यांच्या चालीने अठरा मिनिटांवर आहे. ते चौदा माणसांशी बोलले, त्यांतल्या अकरा जणांची नावे आम्हाला ठाऊकही नव्हती. आईंची वही वेगळीच निघाली. त्या फक्त चार वेळा फाटकाबाहेर गेल्या होत्या, पण ओट्यावर बसून भाजीवाल्या मावशी, इस्त्रीवाले काका, समोरच्या काकू आणि शाळेतून परतणाऱ्या मुली, अशा तब्बल तीस भेटींची नोंद होती. रो-हाउसला ओटा नाही, गाड्यांची जागा आहे. आईंना मी विचारले की मंडईत जाऊन किती वर्षे झाली. त्या म्हणाल्या, सहा. परवा यजमान त्यांना रिक्षाने स्वारगेटला आणि तिथून मेट्रोने एका स्थानकावर मंडईला घेऊन गेले. लिफ्ट असल्यामुळे गुडघ्यांना त्रास झाला नाही. त्यांनी तोंडलीची भाजी आणि गजरा आणला.

धायरीच्या घराकडे आम्ही रात्री जाऊन आलो. धूर नव्हता, गल्ली स्वच्छ होती, शेजारी भले होते. त्यांनीच सांगितले की एप्रिलपासून जूनपर्यंत टँकर येतो. तळमजल्यावर खोली काढता येईल का, असे विचारल्यावर गाड्यांची जागा बंद करावी लागेल, असे उत्तर मिळाले. यजमानांनीच परतताना विषय संपवला. त्यांना ते घर मनापासून आवडले होते, त्यामुळे हे त्यांना सोपे गेले नाही.

अहवालानुसार खालच्या भिंती सुस्थितीत आहेत. वरच्या स्लॅबवर कोब्याचे दोन थर निघाले. ते दोन्ही काढून, गंजलेले गज साफ करून स्लॅब दुरुस्त करायचा आहे आणि गच्चीचे काम पावसाळ्यापूर्वी संपवायचे आहे. माजघराच्या कोपऱ्यात, झोपण्याच्या जागेला लागून नवे संडास-न्हाणीघर होईल, म्हणजे रात्री कोणालाही पायरी उतरावी लागणार नाही. विकसकांना आम्ही सध्या नकार कळवला आहे. शेजाऱ्यांनाही समोर बसून सांगितले, कारण त्यांच्या मनात ते व्हावे असे होते आणि त्यांच्याशी आमचे तीन पिढ्यांचे संबंध आहेत.

स्थापत्य यांना एक शेवटचा प्रश्न आहे. परसाकडच्या सहा इंचांच्या पायरीच्या जागी उतार करायचा आहे. एकास बारा या प्रमाणाने त्याला सहा फूट लांबी लागेल असे मिस्त्रींनी सांगितले, आणि सरळ सहा फूट घेतले तर आईंचा अनंत मध्ये येतो. नानांनी उतार अनंताला वळसा घालून काढायला सांगितला आहे. उद्या चाकांची खुर्ची लागली तर ती सहज वळावी, यासाठी त्या वळणावर सपाट जागा किती रुंद ठेवावी?